डाव्या हातासाठी घडवून घेतलेला कलमाचा घडीचा चाकू

किंमत आधी सांगते, म्हणजे ज्यांना तिथंच थांबायचंय ते थांबतील. पाच हजार आठशे रुपये, कुरिअर धरून. निम्मे आगाऊ, निम्मे चाकू हातात आल्यावर. बारीकशा सहा सेंटिमीटर पात्यासाठी एवढे पैसे, हे घरात सांगितल्यावर जी शांतता पसरली ती मी इथं वर्णन करत नाही.

वेंगुर्ल्याच्या बाजूला माझी छोटी रोपवाटिका आहे. हापूस, थोडा रत्ना, काजू, कोकम, मिरी. पाऊस पडला की कोय कलमांचं, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर चांगल्या झाडाची काडी बांधायचं, काम सुरू होतं आणि मग महिना-दीड महिना हातातला चाकू खाली ठेवायला फुरसत नसते. मी डावखुरी आहे. हे आयुष्यात फारसं कुठं आडवं आलं नाही, नैवेद्याच्या ताटावरून झालेली बोलणी सोडली तर. कलमाच्या चाकूनं मात्र मला वर्षानुवर्षं छळलंय. त्यामुळे हा लेख मुख्यतः माझ्यासारख्या डावखुऱ्या कलमं बांधणाऱ्यांसाठी. बाकीच्यांनीही वाचावा, कारण चाकू घडवून घेणं म्हणजे नक्की कशाचे पैसे मोजणं, ते मला या निमित्तानं कळलं.

आधी अडचण काय ते. स्वयंपाकघरातल्या सुरीला दोन्ही बाजूंनी उतार असतो, धार मधोमध येते. कलमाच्या चांगल्या चाकूला उतार एकाच बाजूनं असतो, दुसरी बाजू पूर्ण सपाट. काडीला पाचर तासताना ती सपाट बाजू राहणाऱ्या लाकडाला टेकायला हवी, म्हणजे पातं सरळ रेषेत जातं आणि काप आरशासारखा येतो. तोच चाकू उलट्या हातात धरला की उतार लाकडाला टेकतो, पातं बाहेर चढू बघतं, आणि कापाला पोट येतं. पोट आलेली पाचर खुंटाच्या, म्हणजे खालच्या रोपाच्या, चिरेत बसवली की मध्ये हवा राहते. सालीखालचे जिवंत थर एकमेकांना भिडतच नाहीत. वरून पट्टी कितीही आवळा, काडी आठ-दहा दिवस हिरवी राहून तुम्हाला आशा लावते आणि मग काळी पडते.

डाव्या हाताचे कलमचाकू काही परदेशी कंपन्या करतात. आमच्या तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात ते मागितले तेव्हा दुकानदारानं "डाव्या हाताचा म्हणजे?" असं विचारलं आणि पुढं बोलणं खुंटलं. मी दोन्ही बाजूंनी उताराचा साधा चाकू वापरायचे, आणि कोवळ्या रोपांना दाढीचं ब्लेड. ब्लेडला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. पंधरा दिवसांच्या तांबूस खुंटाला चीर द्यायला त्याच्याइतकं बारीक दुसरं काही नाही. पण पेन्सिलीएवढ्या काडीची चार-पाच सेंटिमीटर लांब पाचर ब्लेडनं तासायला गेलं की ते वाकतं, आणि दिवसभरात अंगठ्याची साल जाते.

कारागीर कोल्हापूरचा. उद्यमनगरातल्या एका मशिनशॉपमध्ये नोकरी आणि संध्याकाळी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाकू. नाव देत नाही, कारण त्यानंच नको म्हटलं. रांग आधीच लांब आहे आणि फोन उचलायला माणूस नाही. मला तो एका पन्हाळ्याकडच्या गुलाबवाल्याकडून कळला.

पहिल्या फोनला मी सांगितलं, "दादा, मी डावखुरी आहे, कलमाचा चाकू हवाय." त्याचा पहिला प्रश्न पोलाद कोणतं, मूठ कसली, असा नव्हता. तो म्हणाला, "ताई, पातं अंगाकडं ओढून तासता की अंगापासून लांब ढकलून?" मी फोन धरून हवेत हात फिरवून बघितला तेव्हा मला उत्तर देता आलं. विचार केला तर प्रश्न अगदी रास्त आहे. हात तोच राहिला तरी ओढून तासताना पात्याची एक बाजू लाकडाला टेकते आणि ढकलून तासताना दुसरी. म्हणजे नुसतं 'डावखुरी' सांगून भागत नाही. त्यानं व्हिडिओ मागवला, हात आणि काडी दोन्ही दिसतील असा. शिवाय माझ्या हातानं तासलेल्या काड्याही त्यानं मागवल्या, चांगल्या आणि फसलेल्या दोन्ही. त्या मी ओल्या कापडात गुंडाळून एसटीच्या पार्सलनं पाठवल्या. कापाचं पोट कुठं येतंय ते बघून त्यानं सांगितलं की मी मनगट आत वळवते, म्हणून मूठ थोडी चपटी करू, पोटाकडं किंचित भरीव ठेवू, म्हणजे पातं हातात फिरणार नाही.

मग प्लायवूडच्या मुठींचे नमुने आले. पात्याच्या जागी पत्र्याचा तुकडा. त्यांतल्या एकावर अंगठा टेकायची जागा मी स्केचपेननं काळी करून परत पाठवली. या पैशांतला मोठा हिस्सा माझ्या मते इथं गेला, आणि तो सार्थकी लागला.

बियाण्याच्या कामानं कोल्हापूरला जायचं होतंच, म्हणून आंबोलीमार्गे गेले तेव्हा शेडमध्ये डोकावले. चाकू अर्धा झाला होता. पोलाद ईएन-31, ज्याचे बेअरिंग बनतात ते. साधारण एक टक्का कार्बन आणि दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम. मी स्टेनलेसचा विषय काढला, कारण आमच्या खाऱ्या हवेत पावसाळ्यात विळीसुद्धा रात्रीत तांबूस होते. तो म्हणाला, स्टेनलेस करून देतो, पण त्याला हजार अंशांच्या वर तापवावं लागतं, ते काम बाहेर भट्टीवाल्याकडं द्यायला लागेल, खर्च वाढेल. ईएन-31 तो स्वतःच्या छोट्या विजेच्या भट्टीत 830 अंशांच्या आसपास तापवतो, तेलात विझवतो, आणि मग दोनशे अंशांच्या आत दोनदा शेकून पाणी उतरवतो, म्हणजे कडकपणा थोडा कमी करतो. असं न उतरवलेलं पातं काचेसारखं तडकतं. हाताशी येणारी कडकी साठ रॉकवेलच्या घरात; रॉकवेल हे पोलादाचा कडकपणा मोजायचं माप. मी साधंच पोलाद घेतलं. धार मला घरी लावायची आहे, आणि बारीक दाण्याचं पोलाद दगडावर लवकर ऐकतं.

पात्याचा उतार त्यानं पाणी दिल्यानंतर घासायच्या फिरत्या पट्ट्यावर काढला. दर दोन-तीन फेऱ्यांनी पातं बादलीत बुडवत होता, हातमोजे न घालता, कारण बोटाला चटका बसला म्हणजे पात्यालाही बसला. धारेजवळ पोलाद कागदासारखं पातळ होतं, तिथं निळा डाग आला की कडकी गेलीच समजायची. हे बघितल्यावर सायकलवर चाक फिरवून धार लावणाऱ्यांकडं आजवर आपण किती चाकू बिघडवून घेतले असतील, हा विचार आल्याशिवाय राहिला नाही.

घडीच्या चाकूतलं खरं अवघड काम पातं नसून त्याच्यामागची कमान आहे, हे मला तिथं समजलं. उघडं पातं अडकवून ठेवणारं कुलूप नसलेला प्रकार मी घेतला, ज्याला हे लोक स्लिपजॉइंट म्हणतात. मुठीच्या पाठीत एक पोलादी पट्टी असते, ती पात्याच्या बुडावर दाबून बसते आणि त्या दाबावरच पातं उघडं किंवा मिटलेलं राहतं. पट्टीचं पोलाद वेगळं, गाडीच्या कमानपाट्यांच्या जातीचं, आणि तिचं पाणी चारशे अंशांच्या वर शेकून बरंच उतरवलेलं, म्हणजे ती वाकून परत येते, मोडत नाही. पातं उघडं, काटकोनात आणि मिटलेलं, या तिन्ही स्थितींत पट्टीची पाठ मुठीच्या पाठीशी सपाट यायला हवी. बुडावर कानस एकदा जास्त फिरली की एका स्थितीत पट्टी खाली बसते. मग ती सुधारायला गेलं की दुसरी स्थिती बिघडते. तो दोन-चार वेळा घासायचा, खिळीवर, म्हणजे पातं जिच्यावर फिरतं त्या पिनेवर, चढवून बघायचा, काढायचा, परत घासायचा. मी चहा पिऊन दुकानात जाऊन आले तरी हेच चालू होतं. खिळीचं भोक ड्रिलनं थोडं लहान पाडून मग रीमरनं, म्हणजे भोक गुळगुळीत करायच्या हत्यारानं, मापाला आणलेलं, दोन्ही अंगांना कांस्याच्या बारीक चकत्या. आज माझ्या चाकूचं पातं उघडून टोकाला धरून हलवलं तर इकडं-तिकडं जराही डुलत नाही, आणि चीक साचूनसुद्धा खिळीवर अडत नाही.

कुलूप का नाही, असं दोघा-तिघांनी विचारलं. पाचर तासताना आणि खुंट चिरताना जोर धारेवर येतो, म्हणजे पातं आणखी उघडायच्या दिशेनं. ते मिटायचा प्रश्न टोक खुपसताना येतो आणि कलमात टोक खुपसत नाहीत. शिवाय कुलपाच्या खाचेत आंब्याचा चीक वाळून बसला तर ते नको तेव्हा सुटतं. काटकोनातला थांबा मात्र मी आग्रहानं मागून घेतला. ओल्या, चिकट हातानं मिटताना पातं मध्ये एकदा थांबतं आणि तेवढ्यात बोटं बाजूला घेता येतात.

मुठीला लाकूड घेतलं नाही. शिसवाची फळी घरी होती, ती देऊ केली तर तो म्हणाला, कोकणातल्या पावसात लाकूड फुगेल आणि मुठीच्या दोन्ही गालांमध्ये पातं घासायला लागेल. मग मायकार्टा घेतलं. कापडाचे थर राळेत दाबून केलेला पाट असतो तो. दिसायला काही खास नाही, पण ओला झाला की उलट जास्त पकड येते. त्याखाली रंगीत पट्टी लावून देतो म्हणाला, नारिंगी लोकांना आवडते. जांभ्याच्या मातीत आणि सुकलेल्या आंब्याच्या पानांत नारिंगी चाकू पडला तर संध्याकाळी तो शोधत बसायला लागेल, म्हणून निळी घेतली. हिरवी तर नकोच होती.

आता वापराबद्दल. जून अखेरपासून ऑगस्टपर्यंत मी, मुलगा आणि कामाला येणाऱ्या दोघी मिळून कलमं बांधतो. रोप कोयीतून वर येऊन पंधरवडा झालेलं, पानं अजून तांबूस. सात-आठ सेंटिमीटरवर खुंट उडवायचा, मधोमध चार-पाच सेंटिमीटर चीर द्यायची, आठवडाभर आधी पानं छाटून फुगवलेल्या काडीची पाचर करून आत सरकवायची, पॉलिथिनची पट्टी गुंडाळायची. पाचरीचे दोन काप हे सगळ्या कामाचं मर्म. या चाकूनं ते प्रत्येकी एका ओढीत होतात. एका ओढीत, म्हणजे परत फिरून 'सारखं करायला' लागत नाही, आणि सारखं करायला गेलं की काप बिघडतोच. काप उन्हाकडं धरला तर चमकतो. किती टक्के कलमं जास्त लागली असं छातीठोक सांगणार नाही, कारण त्या वर्षी काड्याही चांगल्या होत्या आणि पाऊसही बेताचा होता. अंगठा मात्र पूर्ण मोसम शाबूत राहिला.

खुंट चिरायला मात्र मी हा चाकू वापरत नाही. एका बाजूच्या उताराचं पातं उभं खाली दाबलं की ते सपाट बाजूकडं सरकतं. कोवळ्या खुंटात चीर एका अंगाला जाते. त्याला अजूनही दाढीचं अर्धं ब्लेड. काजूच्या थोड्या जाड खुंटाला चालून जातं. कारागिरानं हे आधीच सांगितलं होतं, त्यामुळं तक्रार नाही. पण पाच हजार आठशेत सगळंच होईल अशी समजूत असेल तर ती सोडा.

चीक हा वेगळा विषय. आंब्याच्या चिकानं ईएन-31 पहिल्याच दिवशी करडं पडलं, मग निळसर काळं. ते होऊ द्यायचं असतं. तो थर एकदा बसला की गंज कमी धरतो. तांबूस ठिपका दिसला तर तो गंज, तो लगेच घालवायचा. मी दर पन्नासेक कलमांनंतर स्पिरिटच्या बोळ्यानं पातं पुसते, झाड बदललं तर नक्कीच, कारण एका झाडाचा रोग दुसऱ्याला चाकूवरूनही जातो. संध्याकाळी रॉकेलचा हात, मग कोरडं फडकं. खिळीवर शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल घालू नका. थंडीच्या सकाळी ते थिजतं आणि एरवीही धूळ धरून चिकट होतं. मूठ स्क्रूनं जोडलेली मागितली होती, रिव्हेटनं नाही, त्यामुळं मोसम संपल्यावर उघडून आतला वाळलेला चीक खरवडता येतो. रिव्हेटचा चाकू दिसायला जास्त सुबक, पण तो एकदा बंद झाला की बंद.

धार लावायला पाण्याचा हजार नंबरचा दगड आणि मग तीन हजारचा. घासायचं फक्त उताराच्या बाजूनं. सपाट बाजू दगडावर पूर्ण झोपवून शेवटी एक-दोनदा ओढायची, कडेला आलेली लव निघण्यापुरती. सपाट बाजूला चुकूनही कोन दिला की तो कलमचाकू उरत नाही. म्हणून तो घरात कुणाच्या हाती लागू देत नाही, नाहीतर कुणीतरी प्रेमानं दोन्हीकडून धार लावून ठेवील.

आता तक्रारी. पातं उघडायला नखाची जी खाच असते, ती उजव्या हातानं उघडणाऱ्यांच्या बाजूला आली होती. धारेचा एवढा विचार करणाऱ्या माणसानं खाच सवयीनं नेहमीच्या अंगाला पाडावी, याचं मला आधी हसू आलं आणि मग रागही. पाणी दिलेल्या पोलादात खाच नंतर पाडणं सोपं नाही. त्यानं चाकू परत मागवला, बारीक चाकानं दुसऱ्या बाजूला खाच घासून दिली, पैसे घेतले नाहीत, पण कुरिअरचा एक फेरा माझ्या गळ्यात पडला. आता दोन्हीकडं खाच आहे आणि मुलगा तो मजेत उघडतो, हे मला फारसं आवडलेलं नाही. दुसरी खाच पहिलीइतकी स्वच्छ नाही, कडेला खरखरीत लागते.

वेळ पाळली नाही. मे महिन्याअखेर म्हणाला होता, आला तेव्हा आमच्याकडं कोयी रुजून वर आल्या होत्या. फोन उचलतो, खोटं बोलत नाही, पण तारीख सांगतो ती स्वतःच्या उमेदीची असते. सुरुवातीला कमान फार कडक होती. ओल्या हातानं, कापलेल्या नखांनी उघडायला त्रास. महिनाभरात सैलावली. आणि चाकू ज्या फोम लावलेल्या काळ्या पेटीत आला ती पेटी कशासाठी? त्यापेक्षा कमरेला लावायचं साधं चामड्याचं म्यान दिलं असतं तर कामाला आलं असतं. ते मी सावंतवाडीत शिवून घेतलं.

चाकू पहिल्यांदा वाफ्यावर काढला तेव्हा कामाला येणारी काकी म्हणाली, "रामपुरी घेवन इलंस की काय गो?" रामपुरीची शंका बऱ्याच जणांना येते, म्हणून सांगते: याला बटण नाही, झटक्यानं उघडत नाही, आणि कारागीर बटणाचे चाकू करतच नाही, तशी विचारणा आली तर फोन ठेवतो. शेतीच्या कामाचं हे हत्यार आहे आणि ते शेतात, रोपवाटिकेत असावं. तालुक्याला बाजारात, सभेला, एसटीत खिशात घालून फिरायचं कारण नाही. विमानानं जायचं असेल तर चेक-इनला द्यायच्या बॅगेत. हातातल्या सामानात सापडला तर सुरक्षावाले काढून घेतील.

उजव्या हाताच्या माणसानं हा खर्च करावा का? मला विचाराल तर नाही, किंवा लगेच तरी नाही. बाजारात एका बाजूच्या उताराचे बरे कलमचाकू त्यांच्यासाठी मिळतात, ते दगडावर नीट करून घेतले तर काम भागतं. वर्षाला शे-दीडशे कलमं बांधणाऱ्या डावखुऱ्यानंही आधी ब्लेडवर भागवावं. ज्यांचा हात दिवसभर याच कामात असतो, आणि जो हात बाजाराच्या मापात बसत नाही, त्यांनी मात्र करून घ्यावा. संधिवातानं बोटं वाकलेला एक जुना कलमं बांधणारा आमच्या ओळखीचा आहे. त्याच्यासाठी जाड मुठीचा चाकू आता त्याच शेडमध्ये घडतोय, आणि या वेळी खाच कोणत्या बाजूला हवी ते मी कागदावर काढून दिलंय.

तुम्ही त्याच्यापर्यंत पोचलात आणि चाकू घडवायला सांगायचा असेल तर दिवाळीच्या आसपास सांगा. तेव्हा त्याच्याकडं थोडी उसंत असते आणि तुमच्याकडंही काड्या तासून पाठवायला वेळ असतो. व्हिडिओ काढताना तोंड दिसलं नाही तरी चालेल, मनगट दिसलं पाहिजे. मृगाच्या तोंडावर फोन केलात तर चाकू पुढच्या पावसाळ्यासाठीच धरून चाला.